तीन सह्यांचं घड्याळ

कुठलीही वस्तू हातात आली की सुभेदार आधी ती उलटी करून तिचं बूड बघायचे. चहाचा कप असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर शेजारणीने दिलेली पुरणपोळी असो. पोळीची खालची बाजू पाहून झाली की मान हलवून म्हणायचे, "बराबर हाय." मगच पहिला घास. कुणी हसलं तर उत्तर ठरलेलं होतं, "आधी बघायचं, मंग सही करायची."

कराडच्या आमच्या कॉलनीत त्यांना नावाने कुणीच हाक मारत नसे. सुभेदार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे बंदूक आली असेल, तर ती खाली ठेवा. हा माणूस फौजेत अख्खी नोकरी स्टोअरमध्ये होता. बूट, घोंगड्या, तंबू, पाण्याच्या बाटल्या. "लढाया दुसऱ्यांनी केल्या, मॅडम. त्यांच्या पायात बूट हायत का न्हाईत, ते आमी बघितलं," असं ते सांगायचे आणि सांगताना अजिबात ओशाळायचे नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉलनीचंच स्टोअर उघडलं. अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत शिडी, ताडपत्री, सतरंज्या, शंभर माणसांची आमटी होईल एवढं पातेलं. बारसं असो की तेरावं, सामान तिथूनच जायचं. नेणाऱ्याने वहीत सही करायची, पण त्याआधी शिडीची एकेक पायरी हलवून बघायची. न बघता कुणी सही करायला लागला की ते त्याच्या हातातून पेन काढून घेत. मूळचे दुष्काळी माण तालुक्यातले. त्यामुळे कृष्णा-कोयना उशाला असूनही पेल्यात उरलेलं दोन घोट पाणी लिंबाच्या झाडाला घालायला उठायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी एवढी जवळून एकच पाहिली.

मी तेव्हा सत्तर वर्षांची होते. म्हणजे तशी अल्लडच. आता शहात्तरीत मागे बघते, तेव्हा त्या बाईचे कान धरावेसे वाटतात. सांगलीच्या पोस्टात रजिस्टरच्या खिडकीमागे तिचं आयुष्य गेलेलं. त्यामुळे जगातला कुठलाही फॉर्म आपल्याला भरता येतो अशी तिची समजूत होती. रिकामा रकाना दिसला की तिचा हात थांबत नसे. एकदा दवाखान्यात नवऱ्याचा फॉर्म भरताना 'गरोदर आहे का' या रकान्यातही तिने सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलं होतं आणि खाली सही केली होती. सुभेदार तिला 'पोस्टमास्तर मॅडम' म्हणत. ती कधीच पोस्टमास्तर झाली नव्हती, पण एवढ्या वर्षांत तिने त्यांना एकदाही दुरुस्त केलं नाही. ऐकायला गोड लागायचं तिला.

सुभेदारांची बायको गेली, तेव्हा त्यांच्या लेकीने त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. तिचं घर बाराव्या मजल्यावर. सुभेदार एकदा आठवडाभर राहून आले होते. म्हणाले, "तिथनं खाली बघितलं की मानसाची नुसती टकुरी दिसत्यात. कोण कुणाचं, काय कळत न्हाई." ते जायला तयार होईनात, लेक ऐकायला तयार होईना. शेवटी तह झाला. लेकीने त्यांच्या मनगटावर एक स्मार्टवॉच बांधलं. ते पावलं मोजायचं, नाडी मोजायचं, आणि माणूस पडला तर थरथरून विचारायचं की आपण पडलात का. मिनिटभर उत्तर नाही मिळालं की पुण्याला मेसेज. घड्याळ हातात असेल तोवरच बाबा एकटे राहणार, अशी अट.

सुभेदारांनी ते घड्याळ उलटं करून पाहिलं. पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकत होता. "बराबर हाय," म्हणाले.

दीड वर्ष ते बरोबर होतं. मग बिघडलं. पडद्यावर पांढरे पट्टे आले. सकाळी भरलेलं चार्जिंग दुपारी जेवणाच्या आत संपायला लागलं. वेळ स्वतःच्या मर्जीने दाखवायला लागलं. सकाळी सातला दहा, दहाला पावणेनऊ. आणि उभ्या माणसाला ते 'आपण पडलात का' असं विचारायला लागलं.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी कुंपणापाशी तुळशीच्या मंजिऱ्या खुडत होते. पलीकडे सुभेदार लिंबाच्या झाडाला धरून उभे. मनगट थरथरतंय.

"आता काय म्हनावं ह्याला! उभ्या मानसाला इचारतंय, पडला का!"

तेवढ्यात पुण्याहून फोन आलाच. ते शांतपणे म्हणाले, "न्हाई गं. कोयनेला धक्का बसला असंल. जिमीन हालली, घड्याळाला वाटलं मीच हाललो."

आता हे पुण्यामुंबईच्या माणसाला सांगितलं असतं तर त्याने हसण्यावारी नेलं असतं. पण आम्ही कराडची माणसं. आमच्याकडे मांडणीतली ताटं वाजली तरी कुणी दारात पळत नाही. पंखा हलतोय का तेवढं वर बघायचं आणि पुढचा घास घ्यायचा. त्यामुळे मी लगेच म्हटलं, "हो हो, मलाही मघाशी जरा हलल्यासारखं वाटलं खरं."

काही हललं नव्हतं. त्यांच्या उजव्या गुडघ्याला ओली माती लागली होती. ती मी पाहिली. पण गुडघ्याच्या मातीसाठी माझ्याजवळ रकाना नव्हता.

त्या महिन्यात कोयनेला फार धक्के बसले. एकदा न्हाणीघरात बसला, एकदा स्टोअरच्या पायरीवर. दर खेपेला लेकीचा फोन, दर खेपेला धरणाचं नाव. शेवटी ती म्हणाली, "बाबा, मी इकडे बातम्या बघते. कुठेही भूकंप नाही. मी तुम्हाला न्यायला येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात. "मॅडम, सांगलीला जायाचं. घड्याळ बिघडलंय, असा कागद आणायचा. त्याबिगर लेक ऐकायची न्हाई."

एसटीने सांगली गाठली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काचेच्या टेबलामागे एक मुलगी बसली होती, नाकात चमकी, अगदी गोड. तिने संगणकात बघितलं. "काका, वॉरंटी संपली. सात महिने झाले."

"माजी पन संपली, बाळ. तरी पेन्शन येती."

ती हसली, पण वॉरंटी काही हसली नाही. ही घड्याळं इथे उघडत नाहीत, बाहेरही कुणाला उघडता येत नाहीत, नवीन घ्या, जुन्यावर सूट मिळेल, असं तिने सांगितलं. सुभेदारांना नवीन नकोच होतं. नवीन लेकीच्या फोनला जोडावं लागणार, म्हणजे कागद हाती यायच्या आधीच तिला कळणार. त्यांना जुन्याबद्दल कागद हवा होता. "हे बिघडलंय, एवढं लिवून द्या, मंग आमी जातो."

"असा कागद नसतो हो, काका."

सुभेदारांचा चेहरा असा झाला की जणू तिने सूर्य नसतो म्हणून सांगितलं. बिघडलेल्या वस्तूचा कागद नाही? मग ती वस्तू बिघडली हे ठरवतं कोण? मुलीला दया आली असावी. तिने एक छापील फॉर्म दिला आणि म्हणाली की तक्रार लिहून घड्याळासकट बंगळूरच्या ऑफिसला पाठवा. काही होईल असं मात्र धरून चालू नका.

परतीच्या एसटीत ते ताकारीपर्यंत तो फॉर्म उलटसुलट करत होते. मग एकदम म्हणाले, "बोर्ड बसवू."

फौजेत म्हणे वस्तू खराब झाली तर अशीच फेकत नाहीत. तीन जणांचा बोर्ड बसतो. तिघं ती वस्तू डोळ्यांनी बघतात, हाताने बघतात, कशाने खराब झाली ते लिहितात आणि तीन सह्या करून ती बाद ठरवतात. मग जुनी जमा करायची, बदली वस्तू घ्यायची. तीन सह्या झाल्या की कुणाच्या बापाला नाही म्हणता येत नाही.

रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर बोर्ड बसला. एक सदस्य ते स्वतः. दुसरे अत्तार, बाजारपेठेत घड्याळदुरुस्तीची टपरी चालवणारे, सुभेदारांचे जुने दोस्त. आणि अध्यक्ष? अध्यक्ष मी! सत्तर वर्षांच्या त्या बयेने त्या दिवशी कपाटातली इरकली नेसली होती. घड्याळ बाद करायला इरकली. सांगतानाही लाज वाटते.

अत्तारांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ पुढून पाहिलं, मागून पाहिलं, कानाला लावलं. "आवं सुबेदार, ह्यात काटं न्हाईत, चक्रं न्हाईत, टिकटिक बी न्हाई. मी बघू काय?"

"येळ बराबर दावतंय का?"

"न्हाई."

"मंग तेवढं लिवा."

मी कागद लिहायला घेतला. सुभेदार सांगत गेले. 'सदर घड्याळ बोर्डाने समक्ष पाहिले. नजर पांढरी पडते. दुपारपर्यंत दम टिकत नाही. वेळेचे भान राहत नाही. उभ्या माणसास पडला म्हणते. नैसर्गिक झीज. वापरणाऱ्याचा दोष नाही. सबब बाद करावे व बदली वस्तू मिळावी.'

'उभ्या माणसास पडला म्हणते' इथे अत्तारांनी भिंगाआडून सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदार लिंबाच्या झाडाकडे बघत होते. मी मात्र काही न बघता झोकात सही ठोकली. अध्यक्ष होते ना मी.

मग तो छापील फॉर्म. तो अर्थातच मी भरला. एकही रकाना सोडला नाही. त्यात एक रकाना होता, खरेदीच्या वेळी नोंदवलेला मोबाईल नंबर. घड्याळाच्या खोक्यात बिल होतं, बिलावर नंबर होता. दिला लिहून. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून माझा घातला, कारण सुभेदार दुपारी झोपतात आणि पोस्टमन दुपारी येतो. सुभेदारांनी फॉर्म हातात घेतला, उलटसुलट केला, सही केली. सोमवारी मी पार्सल रजिस्टर केलं. लेकीला त्यांनी सांगितलं की चार्जर बिघडलाय, दुरुस्तीला टाकलाय.

पुढच्या रविवारी सुभेदारांच्या दारात पुण्याची गाडी. ती बघून मीही पलीकडे गेले.

बिलावरचा नंबर लेकीचा होता, हे तुम्हाला केव्हाच कळलं असेल. मला तिने फोन पुढे धरल्यावर कळलं. 'आपल्या सदोष घड्याळाबद्दलची तक्रार मिळाली.' पार्सल पोचताच कंपनीने तिलाच कळवलं होतं.

"बाबा, घड्याळ आठवडाभर हातात नाही आणि मला चार्जर सांगता?"

नंबर मी लिहिला, असं म्हणायला तोंड उघडलं आणि 'चहा टाकते' असं म्हणून आत गेले. आतून ऐकत राहिले. ती रडत होती. ते तिला समजावत होते की बोर्ड बसलाय, निकाल येईपर्यंत थांब. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. घड्याळ चुकीचं सांगत होतं असं कंपनी म्हणाली, तर राहा इथे, मी पुन्हा विषय काढणार नाही. पण तुमचं पडणं खरं निघालं, तर सामान बांधायचं."

"मंजूर," सुभेदार म्हणाले, आणि लेकीशी चक्क हात मिळवला.

नंतरचे तीन आठवडे मी पोस्टमनची वाट बघितली. जन्मभर लोक माझ्या खिडकीसमोर वाट बघत उभे असायचे. तेव्हा मला त्यांचा राग यायचा.

खोकं आलं ते माझ्या पत्त्यावर. अध्यक्ष म्हणून मीच उघडलं. आत कोरं करकरीत घड्याळ आणि इंग्रजीत दोन पानं. पहिल्या पानावर लिहिलं होतं की वॉरंटी संपलेली असली तरी बॅटरी आणि पडदा सदोष आढळले, आणि आपल्या समितीचा दाखला विचारात घेऊन खास बाब म्हणून घड्याळ बदलून देत आहोत. मी उभ्या जागी टाळी वाजवली. तीन सह्यांपुढे बंगळूर वाकलं होतं!

दुसऱ्या पानावर तपासणीचा तक्ता होता. त्यात खालून तिसरी ओळ अशी होती. पडण्याची नोंद घेणारा भाग. तीन वेळा तपासला. दोष आढळला नाही.

मी ती ओळ बूड बघितल्यासारखी उलटसुलट वाचली. मग ते पान तांदळाच्या डब्यात खाली सरकवलं, पहिलं पान आणि घड्याळ घेतलं आणि कुंपणाच्या फाटकातून पलीकडे गेले.

सुभेदारांनी कागद वाचला. उलटा केला. मागची कोरी बाजू पाहिली. पुन्हा सुलटा केला. "बराबर हाय," म्हणाले. संध्याकाळी कॉलनीत घरोघर कंदी पेढे गेले, अत्तारांना अर्धा किलो वेगळे.

चार दिवस मी तांदूळ काढताना डब्यात बघत नव्हते. त्यांच्या अंगणातून शिडी गेली, आली. कुणाचं तरी बारसं होतं, पातेलं गेलं. सगळं बरोबर चाललं होतं. मी मनाशी म्हणायचे, बॅटरी खराब होती ना, मग तो भाग तरी कशावरून चांगला? दुसऱ्या क्षणी गुडघ्याची माती आठवायची.

पाचव्या दिवशी सकाळी ते माझ्या ओसरीवर येऊन बसले. पाणी दिलं. पेला उलटा करता येत नव्हता, म्हणून वर धरून खालून पाहिला.

"मॅडम, दुसरं पान कुठाय?"

"कसलं पान?"

"आवं, कागदाच्या बुडाला लिवलंय, दोनपैकी एक. फौजेत जलम गेला माजा. दोन कुठाय?"

मी उठले आणि तांदळाच्या डब्यातून पान काढून आणलं. त्यांनी ते झटकलं. तांदळाचे चार दाणे ओसरीवर पडले, ते आधी वेचून माझ्या हातात दिले. मग वाचलं.

"पहिल्याच दिवशी दिसलं होतं तर तेव्हाच का नाही मागितलं?" मी विचारलं.

"चार दिस राह्यलो की." ते हसले. "लेकीला अजून फोन केला न्हाई. अर्ध्या कागदावर रिपोर्ट करत न्हाईत. आता करतो. आन घड्याळाला उगा बाद म्हनलं आपन. येळ चुकली त्याची, दम बी गेला. पर पडल्यालं त्यानं एकदा पन खोटं सांगितलं न्हाई."

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "सुभेदार, लेकीचा नंबर त्या फॉर्मवर मीच लिहिला होता."

"ठावं हाय."

"कसं?"

"आवं, बघितल्याबिगर मी सही करीन व्हय?"

"मग तेव्हाच खोडला का नाही?"

त्यांनी नवं घड्याळ मनगटावरून काढलं, उलटं केलं, त्या हिरव्या दिव्याकडे बघितलं. "खोडाखोड केल्याला फॉर्म परत येतो," म्हणाले.

हे उत्तर होतं की टाळाटाळ, मला त्या दिवशी कळलं नाही. आजही कळलेलं नाही. त्यांना जायचं होतं का? राहायचं होतं का? की दोन्ही? मी त्यांना धरून दिलं की सावरलं? सहा वर्षं झाली, या रकान्यात काय भरावं ते मला सुचत नाही.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी पत्र्याच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. शिडीची प्रत्येक पायरी माझ्याकडून हलवून घेतली. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांच्याच अक्षरात होता.

'सदर इसमास बोर्डाने समक्ष पाहिले. दुपारपर्यंत दम टिकत नाही. उभ्या उभ्या पडतो. नैसर्गिक झीज. वापरणाऱ्याचा दोष नाही. सबब पुण्यास जमा करावे. बदली वस्तू मिळणार नाही.'

खाली तीन सह्यांच्या जागा. एक सही त्यांची. दुसरी अत्तारांची.

"अत्तारानं दोन दिस घेतलं," ते म्हणाले. "करा सही."

"मी न बघता सही करत नाही."

"मंग बघा की." आणि ते खरंच माझ्यासमोर ताठ उभे राहिले, तपासणीला उभं राहावं तसे.

मी बघितलं. टोपीपासून बघत खाली आले. इस्त्रीचा शर्ट, कोपराला चिकटपट्टी, पायात पॉलिश केलेले बूट. डावा पाय किंचित थरथरत होता आणि ते तो थरथरू देत नव्हते. मी पुन्हा वरपासून बघितलं. मग आणखी एकदा.

"तीन वेळा तपासलं," मी म्हटलं. "दोष आढळला नाही."

सुभेदार एवढे हसले, एवढे हसले, की मनगटावरचं घड्याळ थरथरायला लागलं. त्यांनी त्याला बोटाने सांगितलं की नाही, पडलो नाही.

पुण्याला ते साडेपाच वर्षं राहिले. बाराव्या मजल्यावरच्या लोकांना त्यांनी सही घेऊन शिडी द्यायला सुरुवात केल्याचं लेकीने एकदा फोनवर सांगितलं. मागच्या माघात गेले. झोपेत गेले. लेक म्हणाली, "काकू, घड्याळ हातात होतं, पण माझा फोन वाजलाच नाही." मी म्हटलं, "कसा वाजेल? पडले कुठे होते ते?"

शिडी अजून माझ्याकडूनच जाते. नेणाऱ्याला मी पायऱ्या हलवून बघायला लावते. पोरं मागे हसतात, मला ऐकू येतं. वहीत तो कागद घडी घालून ठेवलाय. दोन सह्या आहेत, तिसरी जागा कोरी आहे. जन्मभर एकही रकाना न सोडलेली बाई मी. वही उघडली की तो कागद बघते, उलटा करून बघते, आणि तसाच परत ठेवते.